न वाचलेली पाने

वाळूचे गाळणे धुवायला बारा मिनिटे लागत. तेवढ्यात कुंदा मगदूम संगणकाच्या आज्ञावलीची दोन पाने वाचून काढी. कृष्णाकाठच्या एका लहान शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात ती पंधरा वर्षे ऑपरेटर होती. सकाळी सहा ते दुपारी दोन पाळी, मग घरचे काम, मग पुन्हा पाने. ती कागदावर छापून घेतलेली असत, कारण परीक्षेच्या दालनात यंत्राला मज्जाव होता. तिथे फक्त कागद आणि पेन्सिल.

आज्ञावल्या लिहिण्याचे काम माणसाच्या हातून सुटून बरीच वर्षे झाली होती. काय हवे ते साध्या मराठीत सांगितले, की लेखकयंत्र पाच मिनिटांत हजारो ओळी लिहून देई. दुसरे यंत्र त्या तपाशी. पण दवाखाना, धरणाचे दरवाजे, पिण्याचे पाणी, जिथे जिवाशी गाठ होती तिथे कायद्याची एक अट होती: प्रत्येक ओळ एका माणसाने वाचायची आणि शेवटी सही करायची. अशा माणसाला प्रमाणित वाचक म्हणत. परीक्षेत शंभरातले सहा जेमतेम पास होत. कुंदाला मात्र ती द्यावीच लागणार होती. पुढच्या वर्षापासून केंद्रात ऑपरेटर ठेवणार नव्हते.

तिला शिकवत होते शेडबाळे सर, जिल्ह्यातले सर्वांत जुने वाचक. दर रविवारी सकाळी आपल्या व्हरांड्यात बसवून ते तिच्याकडून पाने वाचून घेत. "ओळ काय करते ते कुणीही सांगेल," ते म्हणत. "ती काय करायचं विसरली, ते शोध."

परीक्षेआधी, प्रत्यक्ष वापरात असलेली एक आज्ञावली पूर्ण वाचून, मार्गदर्शकाच्या सहीची नोंदवही द्यावी लागे. कुंदाने आपल्याच केंद्राची, क्लोरीन सोडणारी आज्ञावली निवडली. परीक्षेला नऊ दिवस होते. एकसष्टाव्या पानावर तिची पेन्सिल थांबली.

पाण्यात क्लोरीन किती आहे ते एक संवेदक मोजत असे. तो गप्प झाला, तर त्याने दिलेला शेवटचा आकडा धरून आज्ञावली काम चालू ठेवी, आणि दहा तास तो गप्पच राहिला तर भोंगा वाजवी. पण पाळी बदलून नवा ऑपरेटर हजर झाला, की हे तास पुन्हा शून्यापासून मोजले जात. पाळी होती आठ तासांची. म्हणजे भोंगा कधीच वाजणार नव्हता.

तिने ते पान तीनदा वाचले. दोन वर्षांपूर्वी कुंभार गल्लीत काविळीची साथ आली होती. नदाफांची सून तब्बसुम, सात महिन्यांची गरोदर, तीत गेली. चौकशीत संवेदक बंद असल्याचे आणि पाण्यात क्लोरीन कमी पडल्याचे आढळले. भोंगा वाजला असणारच, असे समितीने ठरवले, कारण आज्ञावली वाचकाच्या सहीची होती. ठपका आला त्या वेळी पाळीवर असलेल्या महादेव बिरनाळे यांच्यावर. त्यांना कामावरून काढले.

शेवटच्या पानावरची सही शेडबाळे सरांची होती.

रविवारची वाट न बघता ती दुपारीच त्यांच्याकडे गेली. सरांनी चष्मा लावून पान वाचले.

"सर, हे तुमच्या नजरेतून सुटलं?"

"सुटायला आधी नजर पडावी लागते, कुंदा," सर म्हणाले. "त्या महिन्यात चाळीस आज्ञावल्या आल्या होत्या. वरून रोज फोन. ही मी तीस पानांपर्यंत वाचली. दोन यंत्रांनी तपासलीय, असं म्हणून सही केली."

"मी हे वाचक मंडळाला कळवणार आहे, सर."

"कळव. पण माझं प्रमाणपत्र गेलं की तुझ्या नोंदवहीवरची सहीही जाईल. तुझं वर्ष जाईल." त्यांनी पान तिला परत दिले. "नऊ दिवस थांबलीस, तर मी तुला अडवणार नाही."

कुंदाने पाने गोळा केली. "नऊ दिवस गाव तेच पाणी पिणार, सर."

दुसऱ्या दिवशी तिने मंडळाकडे तक्रारीचा अर्ज दिला. त्याच दिवसापासून दर तासाला पाण्याचा नमुना काचनळीत घेऊन ती क्लोरीन हाताने तपासू लागली. मंडळाने चौकशी केली. सरांनी एक शब्दही नाकारला नाही. त्यांचे प्रमाणपत्र काढून घेतले गेले आणि त्यांनी सही केलेल्या चारशे बारा आज्ञावल्या फेरवाचनासाठी निघाल्या. त्या वाचायला जिल्ह्यात उरले तिघे. कुंदाची नोंदवही बाद झाली. परीक्षेच्या दिवशी ती पाळीवर होती.

चौकशीच्या निकालाचा कागद हाती आल्यावर ती बिरनाळेंना भेटायला गेली. ते आता एका मंगल कार्यालयात रखवालदार होते. तिने कागद वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, पण वाचला नाही.

"म्हणजे भोंगा वाजलाच नव्हता?"

"नाही, अण्णा. वाजूच शकत नव्हता."

"तब्बसुमच्या सासूनं मला भर रस्त्यात विचारलं होतं, 'अण्णा, तुमचा डोळा लागला होता का?'" त्यांनी कागदाची घडी घातली. "मी हो म्हणालो, ताई. सगळेच तसं म्हणत होते. वाटलं, लागला असेल. दोन वर्षं मला तेच आठवतंय, खुर्चीत डोळा लागल्याचं."

बाहेर येऊन कुंदा पायरीवर बसली. चारशे अकरा आज्ञावल्या अजून वाचायच्या होत्या. त्यांतल्या किती ठिकाणी एखादा माणूस, न घडलेली चूक आपलीच म्हणून आठवत बसला असेल?