काचेच्या पेटीतली नदी

हिरू धुण्याची बादली घेऊन नदीवर उतरली, तर तिच्या नेहमीच्या दगडापाशी एक तरणा गडी गुडघाभर पाण्यात वाकलेला. हातात लांब, फितीसारखं पाणगवत... मुळांसकट, असं हळुवार उचललेलं, जसं झोपलेलं पोर उचलावं.

"म्हशीला न्यायचं का?" हिरूनं विचारलं.

"नाय. घरात लावायचंय."

"घरात? पाण्यातलं गवत?"

"पाण्यासकट लावायचंय."

हिरू अशी हसली की बादलीच कलंडली.

त्याचं नाव पदू. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर, भिसेगावात मावशीकडे राहायचा. मुंबईला एकदा त्यानं काचेआड पोहणारे मासे पाहिले, आणि तेव्हापासून त्याला ध्यासच लागला. लोखंडी पट्ट्यांची चौकट त्यानं स्वतः जोडली, काचा बसवल्या, फटी काचेला लावतात त्या लांबीच्या लगद्यानं बुजवल्या. पण मावशीची खोली अंधारी. गवत पिवळं पडायचं आणि सुटून वर तरंगायचं.

"आमच्या पडवीत सकाळचं ऊन येतं," हिरू बोलून गेली... आणि तिनं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी पदू पेटी खांद्यावर घेऊन दारात हजर. "जयभीम, बाबा."

हिरूचा बाप श्रीपत रेल्वेत गँगमन. "मासे खायचे असतात, रं. पाळायचे कसले?" म्हणत तो हसला. मग रिकाम्या काचेवरून हात फिरवत राहिला. "लहानपणी आमी विहिरीपासून लांब घडा ठेवून बसायचो. कुणाला दया आली तर वरून ओतायचा. पाण्यात डोकावून बघायची सोय नव्हती..." त्यानं काचेवरचा हात काढला. "ठेव पेटी. बघू काय असतं आत."

लागवड हिरूनं आपल्याकडे घेतली. "भाताची आवणी केलीय का कधी? सरका तिकडं." तिनं तळाला माती पसरली, चिखल केला, शेतात घालतात तसं शेणखतही मिसळलं, आणि अंगठ्यानं एकेक रोप रोवलं.

"काय बघताय?"

"रोप."

"रोप खाली हाय."

पदूनं घाईघाईनं मान खाली घातली.

चार दिवसांत पाणी काळ्या चहासारखं झालं. पडवीत वास सुटला. हिरूची आई येसूबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "तुमची नदी मेली गं, बाय."

हिरूचं तोंड उतरलं. चूक तिची होती. पण पदू बाह्या सारत म्हणाला, "शेतातलं पाणी वाहून जातं. हे बिचारं कुठं जाणार? खत नको, एवढंच."

दोघांनी पुन्हा मांडामांड केली. खाली मातीचा पातळ थर, वर नदीची धुतलेली वाळू, त्यात रोपं. वाळू उसळू नये म्हणून हिरूनं आत ताटली धरली आणि पदूनं ताटलीवर पाण्याची बारीक धार सोडली. ओल्या बोटांना ओली बोटं लागली. धार वाकडी गेली.

तरी पाणी गढूळच. पदू रोज कामावर जाताना पडवीत डोकावायचा.

"निवळलं?"

"नाय अजून."

एवढंच बोलणं. पण त्यासाठी हिरू वेणी घालून बसायची.

अशात खालापूरचं स्थळ आलं. रविवारी दुपारी पाहुणे हिरूला बघायला येणार होते. हिरूनं ते पदूला सांगितलं आणि दाराला टेकून उभी राहिली. पदू पेटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाणी अजून गढूळ हाय..."

"तुमाला पाण्याबिगर काय दिसतं का?" हिरू ताडकन आत गेली.

रविवारी सकाळी ती पडवी झाडत होती, आणि झाडू हातातच राहिला.

पेटीत पाणीच नव्हतं... असं वाटावं इतकं ते नितळ झालं होतं. उन्हाचा पट्टा काचेतून आरपार गेला होता. हिरवी पानं ताठ उभी होती आणि त्यांच्या टोकांतून बुडबुड्यांचे बारीक मणी सुटत होते. एकामागून एक, चांदीच्या दोऱ्यात ओवल्यासारखे, वर, वर... हिरू खालीच बसली. जन्मभर नदीवर धुणं धुतलं, पण नदीच्या पोटात हे चालतं, हे तिला कुठं ठाऊक होतं?

पदू कधी आला ते तिला कळलंही नाही. तो पेटीच्या पलीकडे बसला होता. मध्ये पाणी, आणि पाण्यातून दिसणारे त्याचे मोठाले डोळे.

"मासे कवा सोडायचे?" तिनं हळूच विचारलं.

"त्यांना येऊ नका म्हण."

"माशांना?"

"खालापूरवाल्यांना."

हिरू काचेजवळ सरकली. "आन् मग?"

"मग... मी विचारीन."

"कुणाला?"

"तुला. आत्ता विचारलंच की."

"असं काचेआडून?"

"समोर आलं की तू बघतेस. मग मला बोलताच येत नाय, हिरू."

ती गालात हसली. "बाबांना कोण सांगणार?"

"ऐकलं मी," दारातून आवाज आला.

पदू धडपडत उठला. पण श्रीपतचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो पेटीपाशी उकिडवा बसला.

"हे मणी कुठनं येतात, रं?"

"पानांतनं, बाबा. उन्हात झाड श्वास सोडतं."

"पाण्यात?"

"पाण्यात."

श्रीपतनं काचेवर बोट टेकवलं. एका मण्याबरोबर ते बोट तळापासून वरपर्यंत गेलं. त्याचे डोळे भरून आले. "एवढं समदं चालू असतं आत... आन् आमाला नुसतं बघूबी दिलं नाय."

मग तो उठला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"बाबा, कुठं?"

"खालापूरला. पोरीचं ठरलं म्हणून सांगून येतो." दारात तो वळला. "पदू, तू बस. पण तिकडच्याच बाजूला बस."

त्याची पावलं दूर गेली. हिरूनं झाडू खाली ठेवला, पदर सारखा केला आणि पेटीला वळसा घालून पलीकडे निघाली.

"अगं, बाबांनी काय सांगितलं..."

"ते तुमाला सांगितलं," हिरू त्याच्याशेजारी टेकत म्हणाली, "मला नाय."