अकरा भरले

शिमग्याला मुंबईची पोरं घरी आली की आमच्या वाडीत फुटबॉल यायचा. एकोणसाठ साली मॅच ठरली दासगावला, सावित्रीपलीकडच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या मोकळ्या जमिनीत. उमरठच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथून पोलादपूरपर्यंत पायी, पुढं कोळशाच्या ट्रकवर बसून दासगाव.

यंदाच्या मॅचला मी जाणारच होते. माझा एकुलता चांगूही मुंबईलाच कामाला, तो गोलात उभा राहायचा. त्याचा बाप गेला, त्यानंतर आमच्या घरात मोठ्यानं ओरडावं असं तेवढंच उरलं होतं.

"मॅच हाय काकी, बारसं नाय," कप्तान भागोजी म्हणाला. "बायका कशाला?"

"गेल्या साली आपल्याच गोलात बॉल घातलास, तवा बायका नव्हत्या. म्हणून येतेय."

पोरं हसली. मी भाकऱ्यांचं गठुळं उचललं आणि ट्रकवर चढले.

नदीवर कुशाबाची होडी होती. म्हातारा म्हणाला, "अकरा पोरं आणि तू. त्याच्यावर एक नको. मोजून बसव."

खळ्यावर भात मोजताना आम्ही एक म्हणत नाही. पहिली पायली लाभ, मग दोन, तीन. आणि मोजणी पुरी झाल्यावर जे उरतं ते घरी नेत नाही. राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, म्हणून खळ्यावरच ठेवतो. माझ्या तोंडात तीच सवय. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले, लाभ, दोन, तीन. अकरा म्हटलं आणि बघते तर चांगू अजून काठावरच उभा.

"आये, अकरा भरले की गो. मग मी काय, राखणदाराचा?"

"बस खाली, मेल्या. तोंड बघ किती चालतंय."

सगळे हसले. कुशाबा हसला नाही. "माणसं मोजतंस का भात? फिरून मोज, बाय. एकापासून मोज."

"उशीर होतोय," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. फिरून मोजायला कितीसा वेळ लागला असता?

होडी निघाली ती पाण्यात चार बोटं जास्तच बसलेली. लाभ म्हणून हात ठेवला ते पहिलं डोकं कुणाचं होतं, मला आजही आठवत नाही. भर दुपारचं ऊन, कुणी पाण्यात उतरलेलं नाही, आणि हाताला लागलेले केस मात्र गार होते. ओले होते.

मॅच चांगली रंगली. आमचे दोन, त्यांचा एक. मी गोलाच्या मागं बांधावर उभी. चांगू मध्येच वळून मला म्हणायचा, "आये, भाकरी ठेव हां, भागोजी खाईल." गोलात उभा राहूनही त्याची बडबड थांबत नसे.

मग बॉल झाडीत गेला. खाजणाच्या कडेला चिखलात ती दाट झाडी, आत खाडीचं पाणी. चांगू आणायला गेला. खूप वेळ गेला. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं, चिखलाचा कुजका वास वाऱ्यावर येत होता.

बॉल घेऊन तो बाहेर आला. केस ओले. गोलात जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्यानं एकही बॉल आत जाऊ दिला नाही. हवेत कुठूनही यावा आणि त्याच्या हातात बसावा. आम्ही जिंकलो. मी गळा फाटेस्तोवर ओरडले. कुणासाठी ओरडले ते विचारू नका.

परतताना कुशाबानं स्वतः मोजलं. एकापासून. अकरा भरले. झाडीतून आलेला तो सगळ्यांच्या पुढं, माझ्याकडं पाठ करून बसला. मी म्हटलं, "चांगू, भाकरी खा रे." तो वळला नाही.

होडी मध्यावर आली आणि मागच्या काठावरून हाक आली.

"आये... मी रायलो गो..."

आईला लेकराचा आवाज कळतो. मी उभी राहिले. "कुशाबा, होडी फिरव."

"बस खाली, बाय."

"माझा पोर मागं हाय. फिरव."

भागोजीनं मला दंडाला धरलं. "काकी, काय करतेस? चांगू हा काय पुढ्यात बसलाय."

"आये... पानी चढतंय..."

मी भागोजीच्या हाताला चावले. पाण्यात उडी घालणार होते. चौघांनी मला खाली दाबून धरलं. त्यांना हाक ऐकू आली नाही, असं ते अजून सांगतात. कुशाबाला आली. तो वल्हं मारत होता आणि रडत होता, पण मागं बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती सगळी झाडी पालथी घातली. कमरेएवढ्या चिखलात फिरले, ओरडले. काही सापडलं नाही. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं, पोर घरात असताना खाजणात शोधते.

घरात तो आहेच. मुंबईला परत गेला नाही. नांगर धरतो, लाकडं फोडतो, वाढलं ते जेवतो. बोलत नाही. उन्हाळ्यातसुद्धा त्याची उशी सकाळी भिजलेली असते.

मी काय केलं नाही? पहिल्या साली रास उभीच्या उभी खळ्यावर सोडली, एक दाणा घरी आणला नाही. राखणदाराला म्हटलं, सगळं घे, माझा तेवढा दे. भात पाखरांनी खाल्लं. दर शिमग्याला दासगावला जाते, काठावर उभी राहून एकापासून मोजते. अकरा म्हणते, बारा म्हणते, चांगू म्हणते. पाणी वर येतं, खाली जातं.

आठ वर्षं झाली. यंदा माझे हात कापतात म्हणून भात मोजायला भागोजीला बसवला. घरातला तो वईपाशी, कुंपणाला लागून, आमच्याकडं पाठ करून बसला होता, नेहमीसारखा. भागोजीनं पायली भरली, ओतली आणि म्हणाला, "लाभ."

"ओ," वईपाशी बसलेला म्हणाला.

भागोजीचा हात तसाच राहिला. तो त्या पाठीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. त्याच्या हातावर माझ्या दातांचा वण अजून आहे.

"काकी," तो हळूच म्हणाला, "मग चांगू कुठं हाय?"