पाणीखात्याचा माणूस

पाण्याच्या यंत्रापाशी एकच कागदी पेला उरला होता, आणि आम्हा दोघांचे हात एकदमच त्याच्यावर पडले.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला.

"नको, नको... तुम्हीच घ्या."

"माझं काम झालंय. मी आपला उगीच, तहान लागली म्हणून. तुमचं झालं?"

आता काय सांगणार? बऱ्यापैकी देखण्या, हिरव्या टोपीतल्या, अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत सांगायचं, की मला लघवी होत नाहीये? मी पेला घेतला आणि पाणी भरण्यात फार मोठं काम असल्यासारखी खाली बघत राहिले. तेवढ्यात खिडकीतून लोरेटाबाई ओरडल्या. लोरेटाबाई म्हणजे आमच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्स. मन सोन्याचं, पण आवाज असा की चर्चची घंटा परवडली.

"मार्नी लुट्झ, पाणी पी गं पोरी. तीन तास दिलेत तुला, त्यातला पहिला तर संपत आला."

झालं. बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. माझी अडचणही ऐकली आणि माझं आडनावही ऐकलं. दोन्हींपैकी जास्त लाज कशाची वाटली ते तुम्हाला पुढे कळेलच.

तो मात्र हसला नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले. एक खुर्ची मध्ये सोडून तो माझ्या शेजारी बसला.

"पाणी चांगलं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पाणी. मी पाणीखात्यात आहे. एमेट किलगोर. आठ महिने झाले, नदीपलीकडून आलोय. आज सकाळीच तपासलंय मी. निर्धास्त प्या."

"म्हणजे इतका वेळ मी तुमचंच पाणी पितेय."

"हो. पण माझं पाणी कुणी इतकं घाबरून पिताना मी पहिल्यांदाच बघतोय."

हसू आलं मला. नको तेव्हा येतं मला हसू. "तुम्ही कसे काय इथे?"

"चिठ्ठी निघाली. नगरपालिका दर महिन्याला आम्हा नोकरांतल्या कुणाकुणाची नावं काढते ना चाचणीला? गेल्या महिन्यात माझं, या महिन्यातही माझंच. लॉटरीत मात्र कधी निघत नाही."

"मग झालं ना तुमचं? जा की."

त्याने खिडकीकडे बघितलं. "जातो... हा पाऊस थांबला की."

पाऊस कसला? मार्चमधली नुसती बुरबुर. काचेवर धड थेंबसुद्धा नव्हते. छातीत भीतीचा गोळा होता, आणि त्याच्या बाजूला आता आणखी काहीतरी हळूच हलायला लागलं होतं.

भीती कशाची, ते सांगते. आमच्या गावात नगरपालिकेची नोकरी हवी असेल, तर अमली पदार्थांची चाचणी द्यावी लागते. खिसे रिकामे करायचे, पर्स कपाटात ठेवायची. आत संडासाच्या भांड्यातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, नळाला टेप मारलेली असते, म्हणजे कुणी पाणी मिसळायला नको. बाहेर दाराला लागून नर्स उभी. तीन तासांत लघवीचा कप भरला नाही, तर कागदावर लिहितात : चाचणीला नकार. आणि आमच्या गावात नकार म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच.

त्याच संध्याकाळी नगरपालिकेची सभा होती. रस्तेखात्यात ड्रायव्हर म्हणून मला घ्यायचं की नाही, यावर मतदान व्हायचं होतं. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ लोटायची गाडी चालवायची. तीच गाडी, जी माझा भाऊ क्लिंट चालवायचा.

हा सगळा नियमच मुळी क्लिंटमुळे आला. सहा वर्षांपूर्वी दुखण्यावरच्या गोळ्या खाऊन, त्या नशेत त्याने ती गाडी लायब्ररीच्या पायऱ्यांवर घातली. तिथे म्हातारे मिस्टर पिंकनी बर्फ झाडत होते. जीव वाचला, पण उजवा पाय गेला तो गेलाच. क्लिंट तुरुंगात गेला, सुटला, दुसऱ्या राज्यात निघून गेला. मागे गावात आम्ही राहिलो, आणि तो नियम. कागदावर त्याला मोठं नाव आहे. गाव त्याला 'लुट्झचा नियम' म्हणतं, तेही आमच्या तोंडावर.

आता सांगा, लुट्झच्याच पोरीच्या नावापुढे 'नकार' लागला तर गाव काय म्हणेल? मला ती गाडी त्याच रस्त्याने, लायब्ररीच्या पायरीला धक्का न लावता चालवून दाखवायची होती. बाकी काही नको होतं मला.

लोरेटाबाईंनी पुन्हा आत नेलं. दाराखालच्या फटीतून त्यांचे पांढरे बूट दिसत होते. मी त्या बुटांकडे बघत बसले. पोट फुटायची वेळ आली होती, आणि तरी थेंब नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. रिकामा कप घेऊन मी बाहेर आले.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस," लोरेटाबाई हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे रस्त्यावर ऐकू गेलं नसेल इतपत. "पण झालं नाही तर मला लिहावंच लागेल हं, बाळा."

एमेट तिथेच होता. आता तो मधल्या खुर्चीवर, माझ्या खुर्चीला लागूनच बसला होता. मी बसले आणि अचानक वाटलं, याला अजून माहीत नसणार. हा आठ महिन्यांपूर्वी नदीपलीकडून आलेला. कुणीतरी सांगेलच. त्यापेक्षा मीच सांगावं, म्हणजे त्याची नजर बदलताना तरी नीट दिसेल. मी सगळं सांगितलं. क्लिंट, गोळ्या, पायऱ्या, पिंकनी.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "लोरेटाबाईंनी नाव पुकारलं तेव्हाच कळलं."

"आणि तरी बसलात?"

"मी तुझ्या शेजारी बसलोय. तुझ्या भावाच्या नाही."

'तुझ्या' म्हणाला. मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"घरी होतो का गं हा त्रास?" त्याने विचारलं.

"घरी मी नळ सोडते. लहानपणापासूनची सवय. पाण्याचा आवाज आला नाही तर... हसाल तुम्ही."

"नाही हसत. आत नळाला टेप आहे?"

"आहे."

तो उठला, टोपी डोक्यावर दाबली आणि "येतो" एवढंच म्हणून निघून गेला. दार आपटलं. मी बघतच राहिले. पाऊस काही थांबला नव्हता. असाच असतो माणूस, म्हटलं. गोड बोलतो, लुट्झांची रामकहाणी ऐकून घेतो आणि काढता पाय घेतो. डोळे भरून आले. रडू नाही, संताप. बरं, थोडं रडूसुद्धा.

"मार्नी," लोरेटाबाईंनी हाक मारली. "ही शेवटची वेळ, पोरी."

पुन्हा तो निळा रंग, ती टेप, फटीतले ते बूट. मी डोळे मिटले. डोळ्यांपुढे सभा दिसायला लागली. नगराध्यक्षा बर्निस होपबाई चष्मा पुसतायत, कागद वाचतायत, मागच्या बाकावर माझी आई मान खाली घालून बसलीय. सहा वर्षांत ती त्या सभागृहाची पायरी चढली नव्हती. आज माझ्यासाठी येणार होती.

आणि तेव्हा तो आवाज आला.

आधी लोखंडाची कुरकुर. मग एक गचका, आणि मग खिडकीबाहेर पाणी असं कोसळायला लागलं की काचा थरथरल्या. दवाखान्याच्या खिडकीखालीच तो लाल हायड्रंट आहे, आगीच्या बंबाला पाणी देणारा. बंबवाले आणि पाणीखात्याचा माणूस सोडले, तर त्याची किल्ली कुणाकडेच नसते. मी हसत होते की रडत होते ते मलाही कळलं नाही. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की कप भरला.

लोरेटाबाईंनी कपावरच्या पट्ट्या तपासल्या. सगळं स्वच्छ. स्वच्छच असणार होतं. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "कुणीतरी रस्ता धुतंय वाटतं."

मी बाहेर पळाले. पार भिजलेला एमेट हातात ही मोठी किल्ली धरून उभा होता, आणि पाणी चर्च स्ट्रीटभर वाहत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने ओठांतल्या ओठांत हसून हायड्रंट बंद करायला घेतला, अगदी सावकाश, मूल निजवावं तसा. मला तिथल्या तिथे त्याच्या ओल्या शर्टाला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण शेजारच्या लॉन्ड्रीतून मिसेस पिंकनी बाहेर आल्या.

हो, त्याच पिंकनींची बायको. त्यांच्या हातात चर्चचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ होता. म्हणजे सकाळी पांढराशुभ्र असेल. हायड्रंट उघडला की पाइपातला गंज ढवळून निघतो आणि आसपासच्या नळांना लाल पाणी येतं. टेबलक्लॉथ चहासारखा झाला होता.

संध्याकाळी सभेत त्यांनी तो टेबलक्लॉथ नगरसेवकांसमोर अंथरलाच. "शुक्रवारी चर्चमध्ये मासळीचं जेवण आहे. सगळेच्या सगळे असे झालेत. कुणी केलं हे?"

"एमेट," होपबाई म्हणाल्या, "हायड्रंट उघडून पाइप धुवायचे ते एप्रिलमध्ये. आज का उघडलास?"

एमेट उभा राहिला. हातात टोपी पिळत होता. "चुकलं माझं. सगळे टेबलक्लॉथ मी धुवून देतो."

"ते देशीलच. पण का उघडलास?"

"ते... नाही सांगता येणार."

"कारण नसेल तर निलंबन करावं लागेल बाबा. समजतंय ना?"

"समजतंय. करा."

पुढचाच विषय माझ्या नेमणुकीचा होता. मी नुसतं गप्प बसायचं होतं. आईने बाकाखाली माझं मनगट आवळून धरलं होतं, तिला काहीतरी कळलं असणार. घसा कोरडा पडला. एवढं पाणी पिऊनसुद्धा. मी आईचा हात सोडवला आणि उभी राहिले.

"माझ्यासाठी उघडला त्याने," मी म्हणाले. "मला... चाचणीत लघवी होत नव्हती. भीतीने. पाण्याचा आवाज लागतो मला."

एक नगरसेवक म्हणाला, "म्हणजे चाचणीत ढवळाढवळ झाली. तीही लुट्झकडून." मागे कुजबुज सुरू झाली. तीच कुजबुज, सहा वर्षांपूर्वीची. पण मी बसले नाही.

होपबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, वाचलं. "आतला नळ बंद ठेवावा, असं आहे. रस्त्यावरच्या नळाचं काही नाही. लोरेटाचा रिपोर्टही आलाय, पोरगी स्वच्छ आहे." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "पण माझ्याआधी इथे बोलायचा हक्क दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

सगळ्यांनी मिसेस पिंकनींकडे बघितलं. मीही बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. त्या टेबलक्लॉथची घडी घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, घाई न करता.

"डाग त्याने काढायचे," त्या म्हणाल्या. "आणि इस्त्री हिने करायची. शुक्रवारच्या आत."

मग माझ्यापाशी आल्या. इतक्या जवळ, की त्यांच्या कोटाला येणारा साबणाचा वास आला.

"आणि लायब्ररीपाशी गाडी हळू चालव," त्या म्हणाल्या. "तो अजूनही बसतो तिथे, पायऱ्यांवर."

मी मान हलवली. मागे आई तोंडावर रुमाल धरून रडत होती. मतदान झालं. त्या एका नगरसेवकाचं मत सोडलं, तर सगळी माझ्या बाजूने पडली. एमेटला लेखी ताकीद मिळाली, आणि ती त्याने पगारवाढ मिळाल्यासारखी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हात साबणात. मी इस्त्री धरून. टेबलक्लॉथ काही संपत नव्हते, आणि संपावेत अशी माझी इच्छाही नव्हती.

"निलंबन झालं असतं तर?" मी विचारलं.

"झालं असतं."

"मला वाटलं तुम्ही पळून गेलात. पाऊससुद्धा थांबला नव्हता."

"पाऊस नव्हताच." त्याने हात पुसले आणि जवळ आला. अगदी जवळ. "थरथरतेयस तू. अजून कसली भीती? नोकरी मिळाली, चाचणी झाली."

"आहे थोडी."

"कशाची?"

खोटं बोलायचं बळ नव्हतं. "तुझी," मी म्हणाले. पहिल्यांदाच 'तुझी' म्हणाले, आणि ते त्याने ऐकलं.

त्याने नळाकडे हात लांब केला आणि म्हणाला, "नळ सोडू?"

त्याने खरंच सोडला. मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली.