पडद्याची आतली बाजू

पाणी सांडलंच नाही, असं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं. कीबोर्डमधून चहा निथळत असतानाही सांगतं. म्हणून लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या ताईंनी पावतीवर एक रकाना ठेवला होता: ‘पाणी कसं गेलं?’ तिथे त्या गिऱ्हाइकाचं उत्तर लिहीत आणि शेवटी स्वतःचा एक शब्द जोडत.

सकाळी निवृत्त मास्तर आले, तेव्हाही त्यांनी लिहिलं: ‘सांडलं नाही, म्हणे.’

“खरंच नाही हो ताई,” मास्तर म्हणाले. “मुलगी जहाजावर इंजिनिअर आहे. चार दिवसांपूर्वी या लॅपटॉपवरच तिच्याशी बोलत होतो. बोलता बोलता जहाज कललं आणि तिच्या खोलीत पाणी शिरलं. ती किंचाळली आणि मी पडद्यावर हात ठेवला. म्हातारा माणूस, दुसरं काय करणार? मग पडदाच गेला.”

ताईंचं पेन थांबलं. “आणि मुलगी?”

“वाचली! एका होडीला तरंगताना सापडली. आवाज ऐकलाय, पण तोंड बघितलं नाही. आज चार वाजता इस्पितळातून दिसणार आहे. देवानं दिली, आता तुम्ही दाखवा.”

“देवाला सुटे भाग लागत नाहीत काका, मला लागतात,” ताई म्हणाल्या. पण जुळणारा पडदा कपाटात होता. “बसा.”

त्यांनी चौकट सोडवली. पाणी खालून वर चढतं. आधी कीबोर्ड, मग बिजागरी, मग पडद्याची कड. इथे कीबोर्ड कोरडा ठणठणीत होता. बिजागरीला गंजाचा ठिपका नव्हता. डाग होता तो पडद्याच्या बरोबर मधोमध, चिकटवलेल्या दोन थरांच्या आत. तळहाताएवढा. त्यांनी एक कड जराशी उचलली. आतून पाणी ओघळलं आणि सुकलं तिथे पांढरे कण राहिले.

मीठ.

मास्तरांचा उजवा हात टेबलावर होता. तळवा पांढरा, सुरकुतलेला, तासभर कपडे धुतल्यासारखा.

“चार दिवस झाले,” ते ओशाळून म्हणाले, “जातच नाही.”

ताईंनी नवा पडदा बसवायला घेतला.

चार वाजता नव्या पडद्यावर मुलगी दिसली. तिने हात हलवला. मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे काळेनिळे वळ होते.

“किती जोरात धरलंत बाबा!”

मास्तर रडता रडता हसले. “शाळेत कान धरायचो, त्याच हातानं.”

मुलगीही हसली, मग थांबली. “माझ्या दुसऱ्या हातात तिचा हात होता बाबा. खोलीतल्या मैत्रिणीचा. तो सुटला. ती अजून सापडली नाहीये.”

जाताना मास्तरांनी ताईंचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडू?” त्यांचा तळवा ओला लागला.

ते गेल्यावर ताईंनी पावती ओढली आणि ‘म्हणे’ खोडलं.

मग जुना पडदा कचऱ्यात टाकायला उचलला. वायर नाही, वीज नाही. मधला डाग सुकला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात दुसरा डाग होता. ओला, लहान. पाच बोटं पसरलेली, आतून टेकलेली.

ताईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी बाही वर सारली आणि तळवा त्या बोटांवर ठेवला.

काच गार लागली.

मग काच लागेनाशी झाली.