कानात सांगितलेला सल्ला

सांगून कोणाला पटणार नाही, पण देवरुखच्या इस्पितळात तेव्हा डॉक्टरांच्या गळ्यात पट्टी असे आणि ती त्यांचं मत गिळून टाकी.

तिचं नाव कलहर. कल हरण करणारी. झालं होतं असं, की एकाच दुखण्याचे दोन म्हातारे दोन डॉक्टरांकडे गेले की एक घरी परते, दुसरा कायमचा वृद्धाश्रमात. प्रश्न तर दोन्ही डॉक्टर एकच विचारत, "घरी बघायला कोण आहे?" पण एक जण विचारून झाल्यावर उसासा सोडी, आणि त्या उसाशावर म्हाताऱ्याची उरलेली वर्षं ठरत. शास्त्रज्ञांनी उसासाच कापला. पट्टी डॉक्टरांचं बोलणं टिपून त्यातला कल गाळी आणि नुसती माहिती सपाट, मोठ्या सुरात बाहेर टाकी. डॉक्टर कोणाच्या कानात कुजबुजले तरी ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई.

तात्या सुर्व्यांची डावी बाजू गेली. त्यांची मुलगी शालन काजूच्या कारखान्यात कामाला, घरात तिसरं माणूस नाही.

"डॉक्टर, तुमचे वडील असते तर?" तिने डॉक्टर खेरांना विचारलं.

"घरी पडण्याचा धोका जास्त. वृद्धाश्रमात खंगण्याचा धोका जास्त," पट्टी म्हणाली. खेरबाईंचे डोळे मात्र भरून आले होते.

"मग मी काय करू?"

"निर्णय कुटुंबाचा."

अशी कितीतरी कुटुंबं वॉर्डात खाटांना चिकटून बसली होती. घरी नेणं झेपत नव्हतं, आणि 'डॉक्टरच म्हणाले' असं म्हणायची सोय उरली नव्हती.

शालन वाळत चालली. एकदा ती खालून औषधं घेऊन आली, तर तात्या, ज्यांनी छत्रीने बिबट्या पळवल्याचं जन्मभर सांगितलं होतं, हळूच म्हणाले, "अगं, आत्ता खेरबाई येऊन गेल्या. कानात म्हणाल्या, तात्या, आश्रमातच जा. पोरीने हट्ट धरला तर ऐकू नका."

"खरंच असं म्हणाल्या?"

"मी कधी थापा मारल्यात?"

शालन कितीतरी दिवसांनी हसली. मग डोळे पुसून त्यांची पिशवी भरू लागली.

आश्रमाच्या दारात सेविकेने चाकांची खुर्ची आत घेतली.

"जा आता, कारखान्याला उशीर होईल तुला," तात्या म्हणाले.

शालन उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"तात्या, खेरबाई तुमच्या कानात बोलल्या असत्या ना, तर खाली औषधांच्या रांगेत मला ऐकू आलं असतं."