एमपीथ्री करून द्याल?

मे महिन्यातली दुपार. पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या आपल्या ऑनलाइन सेंटरमध्ये सुरभी टेबलावर कोपरं टेकून नुसती बसली होती. सकाळपासून सातबारे, दाखले, फोटो... आता कुणी येऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात तो आला. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला.

"मॅडम, ही गाण्याची फाईल स्पीकरवाल्याच्या मशीनवर वाजत नाय. एमपीथ्री करून द्याल?"

तिनं मुकाट्यानं वेबसाइट उघडली, फाईल चढवली. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. झाल्यावर तपासायला म्हणून तिनं ती लावली, आणि दुकानात एका बाईचा जाडसर, गोड आवाज भरला. हळदीचं गाणं.

"आई हाय माझी," तो ओशाळून म्हणाला. "चुलत बहिणीचं लगीन हाय. आता तिला रातभर गायचा दम नाय, म्हणून तिची गाणी मोबाईलवर घेतली."

सुरभीनं गाणं मध्येच थांबवलं नाही.

तो सुजय. राहायला रोह्याला, कामाला नागोठण्याजवळच्या एका कंपनीत. हमरापूरच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती सांगायला आला होता आणि गाडी चुकली, म्हणून इथं शिरला. पुढच्या आठवड्यात मात्र गाडी चुकली नव्हती, तरी तो आलाच. नवं गाणं घेऊन. मग येतच राहिला. नाइट शिफ्ट करून सकाळी यायचा, डोळे तांबारलेले. पट्टी सरकेपर्यंत खुर्चीतच डुलकी घ्यायचा. फाईल तयार झाली तरी ती त्याला लगेच उठवायची नाही...

"रोह्यात दुकानं नाहीत का हो?"

"हायत ना. नदीचा पूल उतरून अष्टमी गावात शिरलं की पयलंच."

"मग?"

"तिथला पंखा लई आवाज करतो."

ती हसली. किती दिवसांनी, कोण जाणे!

घरी तिच्या लग्नाचा विषय आमटीसारखा रोज उकळत होता. स्थळं आली, गेली. या वेळी महाडच्या लोकांनी होकार कळवला. "रविवारी सुपारी फोडायला येतायत," तिची आई गिरजाबाई म्हणाल्या. "बरं," सुरभी म्हणाली. बोलणं संपावं म्हणून.

शुक्रवारी सुजय आला. त्यानं पाठवलेल्या फाईलचं नाव वाचून ती थबकली.

"सुजय... ही तर आधीच एमपीथ्री आहे."

तो जमिनीकडे बघत राहिला. "व्हय."

"मग मी काय करून देऊ?"

"काय नाय. आईची गाणी संपली. आता काय आणू, कळंना." त्यानं हातातला मोबाईल फिरवला. "एमपीथ्री तर मोबाईलवरच करता येतं. पयल्याच दिवशी तुमचं बघून शिकलो. नागोठण्याच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागलेली असते... मी पेणच्या गाडीत चढतो."

पंखा फिरत होता. सुरभीनं स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"रविवारी माझी सुपारी आहे."

त्यानं मोबाईल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "मुलगा आवडला तुम्हाला?"

"माहीत नाही. मी दमलेय, सुजय. हो म्हटलं की सगळे गप्प बसतात, म्हणून हो म्हटलं."

"मग मला हो म्हणू नका." तिनं चमकून वर पाहिलं. "दमून म्हणणार असाल तर नको. घरी जा, झोपा जरा. मग काय ते सांगा."

आणि तो निघून गेला.

तिनं भर दुपारी शटर ओढलं, घरी जाऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं. उठली तेव्हा उन्हं उतरली होती आणि डोकं कसं लख्ख झालं होतं.

"आई, महाडला नाही म्हणून कळव."

"का गो?" गिरजाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"मला रोह्याचा एक मुलगा आवडतो. मला आवडतो, आई."

मग गिरजाबाई पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या. "जेवायला बोलाव त्याला," एवढंच म्हणाल्या.

सुरभीनं अंगणात जाऊन फोन लावला. पलीकडे कंपनीतल्या मशिनींची घरघर होती.

"झोपले मी. उठले. आणि... हो."

तो काहीतरी म्हणाला, ते त्या घरघरीत बुडालं. तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"काय म्हणालास रे?"