कोण खोकलं?

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. घडलं ते माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. आणि मामा म्हणजे भुताचे सिनेमे बघताना घोरणारा माणूस.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. भरदुपारी सव्वातीन.

मामा ध्वनिसंग्रहालयात जुन्या टेप संगणकावर उतरवून घेतो. त्या दिवशी हाती होती एका थोर गायिकेची शेवटची मैफल. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाईंना जाऊन चाळीस वर्षं झालेली, मागे उरलेली ही एकच टेप. तीही इतकी कुजलेली, की एकदाच वाजणार आणि वाजता वाजता तिची भुकटी होणार.

बाईंची लेक सत्तरीची. सकाळीच तिचा फोन आला होता.

"डोळे मिटायच्या आत आईचा आवाज एकदा ऐकू दे हो. सांभाळून करा."

बाई भलत्या कडक. मैफलीत कुणी खोकलं, की गाणं बंद. तो माणूस बाहेर गेल्याशिवाय पुढचा सूर नाही.

आणि मामाला नेमका त्या दिवशी खोकला.

खोलीत तो एकटा. दार बंद. माइक तर तिथे नव्हताच.

गाणं सुरू झालं. वीस मिनिटं मामाने खोकला दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी...

खोकलाच.

गाणं थांबलं.

टेप तुटली, असं वाटून मामा यंत्रावर झुकला. पण टेप फिरत होती. मागे साथीचा तानपुरा वाजत होता...

मग टेपमधून शांत आवाज आला.

"कोण खोकलं?"

मामाच्या तोंडून निघून गेलं, "मी... मी, बाई."

"बाहेर जा."

टेप फिरत होती, झडत होती. पुन्हा वाजणार नव्हती. म्हातारीला काय सांगायचं? मामा उठला आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा बाहेर जाऊन उभा राहिला.

दार लागलं...

आतून गाणं सुरू झालं.

ते संपल्यावरच तो आत गेला. टेबलावर टेपची भुकटी पडली होती. संगणकावर मात्र अख्खी मैफल उतरली होती.

दुसऱ्या दिवशी लेक आली. पहिल्याच सुराला तिला रडू फुटलं. विसाव्या मिनिटाला खोकला ऐकू आला. मामाचाच. पाठोपाठ ते "मी, बाई".

"माफ करा, हा माझा..." मामा घाईघाईने म्हणाला.

म्हातारीने हातानेच त्याला थांबवलं.

"साथीला मीच होते त्या दिवशी. आई मधेच थांबली, 'कोण खोकलं' म्हणाली. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. कुणीच खोकलं नव्हतं हो..."

मैफलीच्या शेवटी टाळ्या झाल्या. त्या विरल्या, आणि बाई हळूच म्हणाल्या,

"निमूट गेला बिचारा. पुढच्या बैठकीला त्याला माझ्याजवळ बसव."

"हे मला म्हणाली होती," लेक म्हणाली. "पुढची बैठक झालीच नाही. चौथ्या दिवशी आई गेली."

गेल्या महिन्यात ती लेकही गेली.

परवापासून मामाला पुन्हा खोकला सुरू झालाय. साधाच आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्या टेपच्या दिवसापासून खोकला आला की मामा आधी दाराबाहेर जायचा, आम्ही हसायचो. काल मात्र तो जागचा उठला नाही.

"बाहेर नाही जायचं?" मी विचारलं.

"आता बाहेर जा म्हणत नाहीत रे त्या. जवळ बस म्हणतात."